आधी तो चमचा दाखव

डबा खाली ठेव. खुर्ची ओढ आणि इकडे उजेडात बस. पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. आधी हा तुकडा मला नीट बघू दे.

हं. वरून खचलेला, बुडाला करपलेला, मधे कच्चा. बोट लावलं तर बोटाला चिकटतो. रंग विटकरी. वास साबणाच्या वडीचा. आणि कडेनं हे पिवळट, रवाळ काय ओघळलंय? क्रीम चीज फ्रॉस्टिंग. बरं. नाव तेवढं शुद्ध आलं.

केक बिघडला म्हणून मी चिडलेली नाही. माझ्या हातून इतके बिघडलेत की आमच्या गोठ्यातल्या म्हशीला केकची चव कळायला लागली होती. मी चिडले ती तू उंबऱ्यातून आत येता येता जे बोललीस त्यावर. 'जाऊ द्या बाई, कुरुंद्यात कुठं केक होत असतो? ओव्हन नाही, क्रीम चीज नाही, लाइटीचा भरवसा नाही.' एकटी असतीस तर मी ते कानाआड केलं असतं. पण तुझं बोट धरून तुझी भाची उभी होती. सहावीतलं लेकरू. तू बोललीस आणि तिनं मान डोलावली. शिकली ती. मावशी पुण्याहून आली, तिला जमलं नाही, म्हणजे गावाचाच दोष. तुझा केक म्हैस खाईल, पण त्या लेकराच्या डोक्यात गेलेलं हे वाक्य कोण बाहेर काढणार? तिला मी मुद्दाम परसात बोरं वेचायला पाठवलंय. तिच्यादेखत तुला बोलायचं नव्हतं. आता ऐक.

सोडा किती घातलास?

एक चमचा. कोणता चमचा? हवेत बोटांनी माप दाखवू नकोस, पिशवीत असेल तर काढ. हा? अगं, हा पोहे खायचा चमचा आहे! आणि सपाट की शिगोशीग? शिगोशीग. वाटलंच.

आता वही घे. नाही, तोंडी नाही, लिही. तुझ्या कृतीत मैदा दोन कप होता. तो कप २४० मिलीचा, म्हणजे ४८० मिली मैदा. त्याला सोडा एक चहाचा चमचा, सपाट, ५ मिली. तू मैदा कशानं घेतलास? आमटीच्या वाटीनं. ती वाटी १५० मिलीची, दोन वाट्या म्हणजे ३००. आणि सोडा घेतलास या चमच्यानं, जो सपाट भरला तरी १० मिली धरतो. कर भागाकार. मी थांबते.

आलं? तिपटीहून जास्त. आणि हा मी तुझ्यावर उपकार म्हणून सपाट धरून केलेला हिशेब. शीग धरली तर साडेचारपटीच्या पुढे जातो. तू म्हणशील, बाई, सगळं एकाच वाटीनं मोजलं तर प्रमाण तेच राहतं ना? राहतं. सगळं मोजलं तर. पण तू मैदा, साखर, तेल वाटीनं घेतलंस, सोडा चमच्यानं घेतलास आणि अंडी मोजून तीन फोडलीस. वाटी लहान झाली म्हणून कोंबडी काही लहान अंडं घालत नाही. मैदा घटला, अंडी तेवढीच राहिली, आणि वर अर्धा किलो गाजर. किसून? मिक्सरमधून. म्हणजे लगदा. गाजरात शंभराला अठ्ठ्याऐंशी भाग पाणी असतं. अर्धा किलोत चारशे ग्रॅमच्या वर पाणी तू त्या भांड्यात ओतलंस आणि आता विचारतेस मधे कच्चा का राहिला.

संक्रांतीची सुगडं भरून जी गाजरं उरली ती सगळी संपवायची होती, हे मी समजू शकते. आमच्याकडेही टोपलीभर पडलीत. पण उरलेलं संपवणं हे माप नव्हे.

आता हा रंग. हळद घातलीस का यात? चिमूटभर, पिवळा रंग यावा म्हणून. घरची, अण्णांच्या शेतातली. मग पिवळा का नाही आला?

आठव. आठवीचा वर्ग, शेवटच्या बाकावर तू. मी गाळणकागदाला ओली हळद चोपडून वाळवून आणली होती. एका पट्टीवर लिंबू पिळलं, काही झालं नाही. दुसऱ्या पट्टीवर चुन्याची निवळी टाकली, पट्टी लालभडक. तूच ओरडली होतीस, 'बाई, कुंकू!' आणि मी सांगितलं होतं की बरोबर आहे, जुन्या काळी कुंकू असंच, हळदीवर चुन्याचा नाहीतर टाकणखाराचा प्रयोग करून बनवत. आम्लात हळद पिवळीच राहते, अल्कलीत लाल होते. परीक्षेत दोन गुणांना आलं होतं आणि तुला दोन्ही मिळाले होते. ते दोन गुण घेऊन तू पुण्याला गेलीस आणि हळद इथंच ठेवून गेलीस.

वसमतच्या मोंढ्यात जिच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, त्या हळदीच्या मुलखातली तू पोर. तुझ्या समोरच्या भांड्यात हळद लाल होतेय, ओरडून सांगतेय की सोडा फार झाला, आणि तू म्हणतेस गाजराचा रंग उतरला असेल!

दही घातलंस? कृतीत अर्धा कप दही लिहिलेलं होतं, मला ठाऊक आहे, तू मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. नाही घातलं. का? 'दही आंबट झालं होतं, बाई.'

देवा रे. अगं, आंबट होतं म्हणूनच घालायचं होतं! सोडियम बायकार्बोनेटला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीठ फुगतं आणि सोडा संपतो. आम्ल नाही भेटलं तरी उष्णतेनं तो फुटतो, वायू देतो, पण मागे काय उरतं? सांग. तू बी.एस्सी. केलंस, रसायनशास्त्र घेऊन केलंस. सोडियम कार्बोनेट. त्याला बाजारात काय म्हणतात? धुण्याचा सोडा. संक्रांतीच्या सणाला तू घरच्यांना धुण्याचा सोडा खाऊ घातलास. साबणाचा वास उगाच येत नाही.

आणि कळस म्हणजे तुझी नोकरी. औषधाच्या कंपनीत, तपासणीच्या प्रयोगशाळेत. तिथं मिलिग्रॅममध्ये तोलतेस, काट्याची काच बंद केल्याशिवाय आकडा लिहीत नाहीस, असं मागच्या दिवाळीला तूच अभिमानानं सांगितलंस. मग कोट काढून ठेवला की तोलणंही खुंटीला टांगून येतेस का? की घरचं, बाईमाणसाचं, स्वयंपाकघरातलं काम, त्याला कशाला एवढं, असं आहे? तसं असेल तर स्पष्ट सांग, म्हणजे मी वेगळं बोलेन.

आईचा अंदाज म्हणालीस ना आत्ता? आई भाकरीचं पीठ कधी मोजत नाही म्हणून? तुझ्या आईनं आजवर किती भाकरी थापल्या असतील, कर हिशेब, पुन्हा वही घे. पहिली चिरली तर ती दुसरीला पाण्याचा हात लावते. आमटी खारट झाली तर बटाटा टाकते, पातळ झाली तर उकळते. चाखते, बघते, सुधारते. केकला हे काही नाही. झाकण पडलं की तुझा हात बाहेर, तुझी जीभ बाहेर. आईला शंभर भाकरींत शंभर संधी मिळतात, तुला एक. आणि तुझा हा आयुष्यातला पहिला केक. ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिचा अंदाज कसला करतेस? त्याला ठोकताळाही म्हणत नाहीत.

कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली तेव्हा ती घरोघर का गेली माहीत आहे? त्यांनी 'अंदाजाने' हा शब्द टाळला. वाटी किती, चमचा किती, माणसं किती, हे लिहिलं. नव्यानं संसार मांडलेल्या, सासू जवळ नसलेल्या मुलींच्या हाती ते पुस्तक पडलं आणि त्यांचं जेवण जमायला लागलं. बाईनं बाईसाठी केलेलं ते शास्त्राचंच काम होतं. तुझ्या आईच्या फडताळात त्याची प्रत आहे, मी पाहिली आहे. पहिली पानं उघड, मापंच आहेत.

मापाचे चमचे नाहीत हेही सांगू नकोस. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लास्टिकचं झाकण असतं त्यावर अडीच, पाच, दहा मिलीच्या रेघा असतात. तुझ्या कंपनीतच तयार होत असेल. ते धू, वाळव आणि वापर. वाटी किती मिलीची आहे तेही त्यानंच पाणी मोजून काढता येतं, आणि ते काम भाचीला दिलं असतंस तर तिचा एक धडा झाला असता.

आता तुझा ओव्हन. ओव्हन नाही म्हणून रडतेस, पण कुकर होता ना? मग कुकरचं काय केलंस? रिंग काढली नाहीस. शिटी काढली नाहीस. आधी तापवला नाहीस. तळाला मीठ की वाळू? काहीच नाही, डबा थेट बुडावर. करपणार नाही तर काय? आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघितलंस. भात शिजताना तुझी आई तुला झाकणाला हात लावू देत नव्हती, ते विसरलीस. अर्धवट फुगलेल्या पिठाला गार वारा लागला की ते बसतं. त्यात तिप्पट सोड्यानं फुगे इतके मोठे झालेले की मैद्याला ते पेलवेनात. उठला आणि कोसळला.

आपल्याकडं जमीन हलते म्हणून खचला, असं तरी म्हणू नकोस म्हणजे झालं. २१ मार्च २०२४ ला पहाटे हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा माझ्या मांडणीवरची भांडी वाजली होती. परवा मात्र काही वाजलं नाही. हा धक्का तुझ्या चमच्याचा.

काडी घालून पाहिलीस का? 'वेळ झाली म्हणून उतरवला.' अगं, तुझे अण्णा हळद शिजवतात तेव्हा घड्याळ बघून उतरवतात का? वाफ, वास, फेस बघतात, कंद काढून त्यात काडी खुपसतात. काडी सहज गेली की शिजली. कमी शिजली तर भाव जातो, जास्त शिजली तर रंग जातो, आणि चूक झाली तर वर्षाचं पीक पाण्यात. त्या माणसाच्या अंगणात लहानाची मोठी झालीस तू. आणि केकमध्ये काडी घालणं ही तुला कुठली परदेशी युक्ती वाटली!

मैदा घातल्यावर बीटरनं दहा मिनिटं फिरवलंस, ते विचारतच नाही. पुरणपोळीची कणीक तिंबायची असते, केकचं पीठ नाही. पुढे.

क्रीम चीज. वसमतला मिळालं नाही म्हणून तू चीजचे क्यूब किसलेस. त्यात खारं लोणी घातलंस, जाड साखर घातलीस आणि गरम केकवर थापलंस. एका वाक्यात चार चुका आहेत, मोज. ते क्यूबचं चीज म्हणजे मुरवलेलं चीज वितळवून, त्यात क्षार घालून, आटोपशीर केलेलं. ते सँडविचला ठीक. क्रीम चीज मुरवत नाहीत, ते ताजं असतं, दूध-सायीला विरजण लावून, आंबवून, पाणी निथळवून केलेलं. आता हे वाक्य पुन्हा म्हण. विरजण लावून. पाणी निथळवून. कशाची आठवण येते?

चक्का! मराठी घरात जन्मलीस, दर पाडव्याला फडक्यात टांगलेलं दही बघितलंस, आणि जगात कुठंतरी मिळणाऱ्या डबीसाठी हात चोळत बसलीस.

त्या डबीची गोष्टही ऐक. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात चेस्टर नावाचं गाव. तिथल्या विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्यानं १८७२ साली एका फ्रेंच चीजमध्ये जास्त साय घातली आणि हे क्रीम चीज निघालं. पुढे १८८० मध्ये त्याला नाव दिलं फिलाडेल्फिया, कारण त्या शहराच्या दुधातुपाची ख्याती होती. माल तिथला नव्हताच, नाव तेवढं शहराचं. खेड्यातला माल शहराच्या नावावर विकला गेला, आणि तू खेड्यात बसून शहराच्या नावानं उसासे टाकतेस.

चक्का आणि क्रीम चीज एकच, असं मी म्हणत नाही, तसं लिहिलंस तर गुण कापीन. अमेरिकेत क्रीम चीजमध्ये निदान ३३ टक्के स्निग्धांश असावा असा नियम आहे. चक्क्यात तेवढा नसतो, आंबटपणा जास्त असतो. मग काय करायचं? लोणी घालायचं. घरचं, बिनमिठाचं, पाण्यात धुऊन दाबून घेतलेलं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचं दही रात्री टांग, या दिवसांत रात्री गार असतात, आंबून जायची भीती नाही. सकाळी पुरणयंत्रातून काढ. आधी पन्नास ग्रॅम लोणी आणि तेवढीच पिठीसाखर एकजीव फेस, मग त्यात दीडशे ग्रॅम चक्का हलक्या हातानं मिसळ. उलटं करू नकोस. श्रीखंडात साखर घातली की चक्का सैल होतो, हे तुला दिसत आलंय. इथं तो सैल व्हायला नको, म्हणून साखर आधी लोण्यात. आणि केक पूर्ण निवल्यावरच लाव. निवला का ते बुडाला हाताचा पंजा लावून बघायचं.

ते नसलं तरी अडत नाही, हेही सांगते. स्वित्झर्लंडच्या आरगाऊ भागात गाजराचा केक ही त्या मुलखाची ओळख आहे. त्यात बदाम असतात, वर साखरेचा पातळ थर, चीजचं नाव नाही. आणि ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून साखर आणि लोणी रेशनवर गेलं. पुढे अंडंही माणशी आठवड्याला एक. तिथल्या सरकारनं लोकांना सांगितलं, गाजर गोड असतं, खिरीत, केकात घाला. डोक्यावर बॉम्ब आणि ओट्यावर एक अंडं, त्या बायकांनी गाजराचे केक केले. तुझ्याकडे तीन अंडी होती. साखरेचं तर बोलूच नकोस, टोकाई कारखाना कुरुंद्यातच उभा आहे.

रडतेस? रड, पण रुमाल त्या पिशवीत आहे, पदराला हात लावू नकोस, माझं पातळ स्वच्छ आहे.

हे बघ. माझा हा पितळी तराजू. २०२२ च्या जुलैत गावात पाणी शिरलं तेव्हा माझ्या पुस्तकांचा लगदा झाला, पिठाचे डबे वाहिले, हा चिखलात सापडला. चिंच लावून घासला, दोन्ही पारडी अजून समान. त्यावर एकशे पन्नास ग्रॅम मैदा तोलायचा. गूळ चिरून एकशे तीस. गाजर किसणीच्या जाड बाजूनं किसून एकशे ऐंशी, एक कीस जास्त नाही. शेंगदाण्याचं भरड कूट मूठभर चालेल, तिथं मूठ चालते, कारण त्यानं काही फुगत नाही. तेल शंभर मिली, अंडी दोन, आंबट दही दोन मोठे चमचे, अर्धा चमचा दालचिनी. सोडा चहाचा पाव चमचा, बेकिंग पावडर पाऊण, दोन्ही सुरीच्या पाठीनं सपाट करून, मैद्याबरोबर तीनदा चाळून. सात इंची डबा, अर्ध्याच्या वर थोडा भरेल इतपत. कुकरमध्ये बोटभर मीठ, दहा मिनिटं आधी तापवून, मग आच बारीक. चाळीस मिनिटं झाकणाला हात लावलास तर तो हात मी धरीन. मग काडी.

काय? मिक्सर चालायला लाइट लागते? यात मिक्सर आहे कुठं?

परवाची गाडी आहे ना तुझी, मग उद्याचा दिवस मोकळा आहे. सकाळी नऊला ये. आज संध्याकाळी दही टांगायचंय, घरी दूध नसेल तर आमच्याकडून घेऊन जा. भाचीला आण. मैदा ती तोलेल, तू नाही. आकडा ती वाचेल, वहीत तू लिहिशील. गाळणकागद माझ्याकडे संपलाय, वर्तमानपत्राचा कोरा काठ कापून आण, तेवढा पुरतो. हळद माझ्याकडे आहे. केक कुकरमध्ये असताना त्या लेकराला पट्टी लाल करून दाखवायची आहे, आणि तुझ्या या तुकड्यातला थोडा चुरा पाण्यात कालवून त्यातही बुडवायची. म्हणून डबा इथंच ठेव, म्हशीला आत्ता काही देऊ नकोस.

आता घे चहा. साखर किती? सांग ना, किती चमचे? आणि कोणता चमचा?